द्वारकाबाईंची पेटलेली चूल

सकाळच्या एस.टी.नं गावाकडचा माणूस खामगावला आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं पायातल्या वहाणा काढल्या नाहीत, तेव्हाच मी समजले. वाईट बातमी आणणारा माणूस आमच्याकडे घरात शिरत नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई, द्वारकाबाई, गेल्या होत्या. ताप आला, अंगावर काढला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं... मी होते तशी निघाले. जळगाव जामोदला बस बदलून, सातपुड्याच्या बाजूच्या आमच्या फाट्यावर उतरून गावात पाय ठेवला, तर पहिल्याच ओट्यावरच्या बाया पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "सुटली बिचारी." पुढच्या ओट्यावर तेच. घराच्या अंगणात पोचेपर्यंत "सुटली, सुटली" ऐकून माझं डोकं असं तापलं की रडायचंच राहून गेलं.

सुटली कशातून? नवरा गरीब स्वभावाचा, घरी मळा, दोन वेळचं खाऊन सुखी घर. त्यांना म्हणायचं होतं, मधूतून सुटली. मधुकर, जाऊबाईंचा थोरला. जन्मताच त्याचे हातपाय ताठ, हात आपोआप उडतो, मान एका बाजूला जाते, तोंडातून लाळ येते आणि शब्द एकेक करून, ओढून काढल्यासारखा बाहेर पडतो. पण पडतो, आणि बरोबर ठिकाणी पडतो. घरातल्या कुणालाही विचारा, मधूला सगळं कळतं. गावाला मात्र तीस वर्षांत हे समजून घ्यायला सवड झाली नाही. आज दीड महिना झाला, लोक भेटायला येतात, जाऊबाईंचे गुण गातात, आणि मधूकडे बघून "हे एक मागं राहिलं" असं त्याच्यासमोर म्हणतात. म्हणून हे लिहायला बसले आहे. मला त्यांचे गुण गायचे नाहीत. त्या कशासाठी भांडल्या ते सांगायचं आहे.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मधू चार वर्षांचा होता. पहिल्याच महिन्यात भाऊकीत एक बारसं निघालं आणि किसन आवतन सांगायला आला. गावात लग्नकार्याचं आवतन घरोघर तोच सांगत असे. दारात उभा राहून म्हणाला, "नानाजीकडे उद्या चूलबंद आवतन हाय." ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक माणशी, म्हणजे घरातून एकानं यावं. दुसरं चूलबंद, म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांनी यावं, त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही. हा मोठा मान. चूलबंद आवतन असताना कुणाच्या घरातून धूर निघाला, तर यजमानाच्या तोंडाला काळं फासल्यासारखं होतं, कारण त्याच्या पंगतीतून त्या घरचं कुणीतरी उपाशी राहिलं असा त्याचा अर्थ.

आम्ही गेलो. जाऊबाई आल्या नाहीत. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, ती मधूजवळ थांबली, दोघांचं ताट येईल. आणि ताट आलं. काय ताट होतं म्हणून सांगू! बुंदी रास करून, वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, वर स्वच्छ धुतलेलं फडकं. पंगतीत आम्हाला मूठभर बुंदी आणि घरी ताटात ओंजळभर. इतकं प्रेम की विचारता सोय नाही. त्या फडक्याखाली काय झाकलंय ते मला तेव्हा कळलं नव्हतं, पण जाऊबाईंना कळत होतं. त्या ताट घ्यायच्या, मधूला भरवायच्या आणि स्वतः सकाळची भाकरी खायच्या. त्या बुंदीचा दाणा त्यांनी कधी तोंडात टाकला नाही.

महाराष्ट्र झाला तेव्हा मधू सहा वर्षांचा होता. शाळेपुढं झेंडा लागला, भाषणं झाली, आता सगळे एक, सगळ्यांचं राज्य, आणि गावातल्या झाडून सगळ्या पोरांना रांगेत उभं करून पेढा वाटला. मधूला शाळेत घेतलेलंच नव्हतं, तर रांगेत कुठून उभा करणार? पण गाव काही निर्दय नव्हतं हो. त्याचा पेढा कागदात बांधून घरी पाठवला. म्हणजे सगळ्यांचं राज्य आलं, तेही मधूकडे घरपोच. जाऊबाई तो पेढा हातात घेऊन कितीतरी वेळ ओसरीत बसल्या होत्या. मोठे दीर म्हणाले, "जाऊ दे." हे त्यांचं नेहमीचं. कुणी बांध कोरला तरी जाऊ दे, कुणी बैल वापरून आणून दिला नाही तरी जाऊ दे. जाऊबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या की आणखी किती जाऊ द्यायचं ते एकदा सांगून ठेवा.

पुढं आम्ही खामगावला बिऱ्हाड केलं. यांना कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली होती. जाऊबाई मधूला घेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवायला आल्या. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटी आशा लावली नाही. हे असंच राहील, म्हणाले, पण पोरगं हुशार आहे, माणसांत ठेवा. "माणसांत ठेवा" हे औषध जाऊबाईंनी जेवढं मनावर घेतलं तेवढं कुणी गोळ्यासुद्धा घेत नसेल. दवाखान्यातून निघालो आणि बाजारातल्या एका हॉटेलात शिरलो. आलूबोंड्यांचा घाणा चालला होता, मधूला वास आला होता, तो हसायला लागला. मालक लगबगीनं पुढं आला. आत फॅमिलीसाठी पडद्याची खोली आहे, तिथं बसा म्हणाला. आम्ही बसलो. मागून त्यानं पडदा ओढला, तो अर्धा राहिला म्हणून परत येऊन नीट शेवटपर्यंत ओढला. जाऊबाई उठल्या आणि पडदा पार बाजूला सारून खिळ्याला अडकवला.

"बाई, गिऱ्हाईक पाह्यते," तो म्हणाला.

"पाहू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "आमीबी गिऱ्हाईकच हाओत. आमीबी त्याहिले पाहून राह्यलो."

मधूनं दोन आलूबोंडे खाल्ले. अर्धे खाल्ले, अर्धे सांडले म्हणा. शेजारच्या बाकावरचा एक माणूस उठून गेला, दुसरा बसून राहिला. जगबुडी काही झाली नाही. पण घरी येईपर्यंत जाऊबाईंनी मला दोनदा विचारलं की मागून कुणी येत तर नाही ना. लोक म्हणतात त्या धीट होत्या. मुळीच नव्हत्या. त्या भ्यायच्या आणि तरी करायच्या.

मग नानांच्या मुलीचं लग्न आलं. नाना म्हणजे भाऊकीतले सगळ्यात वडीलधारे, आमचे चुलतसासरे. दानधर्माचे, शब्दाला पक्के, गावातली भांडणं त्यांच्या ओसरीवर मिटत. आवतन अर्थातच चूलबंद. भाजीची वांगी आमच्याच मळ्यातून गेली होती, पोत्यांनी. जाऊबाईंनी ठरवलं की या वेळी मधूला न्यायचंच. तयारी तरी किती! त्याला मांडी घालता येत नाही म्हणून सरकी भरलेलं पोतं टेकायला नेलं. पत्रावळ त्याच्या हाताच्या धक्क्यानं उडते म्हणून घरची उभ्या काठाची पितळी परात नेली. बायकांच्या पंगतीत, खांबाला टेकवून, शेवटच्या टोकाला त्याला बसवला. कुणीतरी लगेच कुजबुजलं की जावयाला पत्रावळ आणि याला परात, हा कुठला मान. जाऊबाई हसून म्हणाल्या, पुढल्या वर्षी जावयालाही परात द्या, त्यांचंही वरण पत्रावळीतून पळतंच.

वाढप झालं. मधूनं एवढी माणसं एकत्र कधी पाहिली नव्हती. तो आनंदानं ओरडला, हात उडाला आणि वरणाचा द्रोण शेजारच्या विहीणबाईंच्या लुगड्यावर गेला. वरपक्षाची विहीण! सगळी पंगत तिकडे वळली. आता गंमत ऐका. ज्यांच्या लुगड्यावर सांडलं त्या बाई मुळीच रागावल्या नाहीत. त्यांनी पदरानं पुसलं आणि "असू द्या, लेकरू हाय" म्हणून घासाला हात घातला. पण नाना आग्रह करत फिरत होते ते तिथं आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सूनबाई, पोराले तरास होऊन राह्यला. मांगच्या खोलीत न्या. तिथं ताट पाठोतो."

त्रास पोराला होत होता! पोरगं तर हसत होतं. मी वाढायला होते, माझ्या हातात कढीचं भांडं होतं, आणि ते तिथंच आपटावं असं मला वाटलं. आठ वर्षांचं ते ताठ अंगाचं पोरगं जाऊबाईंनी एका खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातात परात घेतली आणि भर उन्हातून घरी निघाल्या. मधू खांद्यावरून मागं बघत होता. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं... मागच्या खोलीतून नानांच्या माणसांनी ताट पाठवलंच. झाकलेलं. जाऊबाईंनी ते उंबऱ्यावरूनच परत केलं.

दोन महिन्यांनी नानांकडे नव्या घराची वास्तुशांत होती. किसन आला. चूलबंद आवतन. जाऊबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "चूलबंद म्हणजे कोन कोन?" किसन हसला. घरचे सगळे, म्हणाला. "नाव घेऊन सांग," त्या म्हणाल्या. त्यानं सासूबाईंचं घेतलं, दिरांचं घेतलं, जाऊबाईंचं घेतलं, मधूच्या धाकट्या भावाचं, श्यामचंही घेतलं, आणि मग डोकं खाजवत उभा राहिला. मधूचं नाव घ्यायची त्याला आज्ञा नव्हती, असंही नाही. त्याला ते सुचलंच नाही. मला राग त्याचाच येतो. वैरानं वगळलं तर भांडता येतं. यांनी विसरून वगळलं.

वास्तुशांतीच्या दिवशी पहिली पंगत बसायच्या वेळेला आमच्या मातीच्या धाब्यावरच्या धुराड्यातून धूर निघाला. जाऊबाईंनी मुद्दाम ओल्या पऱ्हाट्या, कपाशीच्या काड्या, घातल्या होत्या. असा काळा, दाट धूर की नानांच्या मांडवातून माना वर झाल्या. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं, दीर "जाऊ दे, जाऊ दे" करत अंगणात येरझाऱ्या घालू लागले. आणि नाना आले. स्वतः, अनवाणी, चूल पेटलेल्या घरी यजमानानं यायची रीत होती तशी.

"सूनबाई, चूल काऊन पेटोली? आवतन चूलबंद होतं ना?"

"हो नानाजी. पन घरचं एक मानूस उपाशी राह्यत होतं."

"त्याचं ताट मी पाठोणारच होतो. आजवर कधी चुकोलं का?"

"नाही चुकोलं," जाऊबाई म्हणाल्या. मान खाली, पदर डोक्यावर, आवाज खालचा. "ताट तं नानाजी दाराशी आलेल्या कोनालेही भेटते. आवतन घरच्याले असते. माह्या मधूले तुमी ताट लय दिले, आवतन एकदाही नाही."

नाना मांडवाकडे परत गेले. आता यावर त्यांचं मन पाघळलं असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. भाऊकीनं आमच्या घरचं आवतनच बंद केलं. वर्षभर किसन आमच्या दारावरून मान खाली घालून पुढं जायचा. वांगी मात्र मागायला माणूस यायचा, बरं का. आमची वांगी पंगतीत चालत होती. सासूबाई जाऊबाईंशी बोलेनाशा झाल्या, नदीवर बाया सरकून बसू लागल्या. मी सुट्टीत गेले की जाऊबाई मला विचारायच्या, "कमल, माह्यं चुकलं का वो?" मी नाही म्हणायचे, आणि त्या लगेच म्हणायच्या की मग ठीक आहे, दोन जणी पुरे.

पण दोनच उरल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पाटलाच्या वाड्यावर लग्न होतं, गावभर चूलबंद आवतन. आम्हाला नव्हतंच, आमची चूल पेटलेलीच होती. आणि भर पंगतीच्या वेळी वरच्या आळीतून एक धूर निघाला. मग वेशीजवळून एक. वरच्या आळीत एका घरी बारा वर्षांची मुकी मुलगी होती, जिला आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. वेशीजवळ आंधळा म्हातारा होता, तो वारला असंच निम्म्या गावाला वाटत होतं. त्या दिवशी गावाला कळलं की आपल्या प्रत्येक पंगतीच्या वेळी घराघरांत कोण कोण मागं बसलेलं असतं. कळायला धूर लागला! दवंडी पिटून, सभा भरवून समतेची भाषणं करणाऱ्या या गावाला आपल्याच आळीतली माणसं दिसायला धूर लागला.

त्यानंतर एका संध्याकाळी किसन आमच्या दारात थांबला. नानांच्या नातवाचं बारसं होतं. जाऊबाईंनी विचारायच्या आधीच म्हणाला, "मधुकरराव धरून, चूलबंद." मधुकरराव! पोरगं तेव्हा दहा वर्षांचं. नानांनी मांडवात खांबाच्या कडेनं विटांवर फळ्या टाकून एक लांब बैठक केली होती, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. मुकी मुलगी आली, आंधळा म्हातारा आला. मधू परातीत जेवला आणि सांडलंही. गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांना ती फळी इतकी आवडली की दुसऱ्या कार्याला त्यांनी ती आधीच बळकावली, आणि मधूसाठी कुणाला तरी उठवावं लागलं. जाऊबाई त्यावर खूप हसल्या होत्या. नानांनी त्यांची माफी कधी मागितली नाही. पण फळी ठेवली, आणि पंगतीत फिरताना मधूच्या परातीशी थांबून "अजून पाह्यजे का बे?" असं इतर पोरांना विचारत तसंच विचारत. जाऊबाईंना ते "बे" फार आवडायचं.

हे सगळं मी आनंदानं सांगून संपवलं असतं. पण नाना गेले, त्याला काही वर्षं झाली, आणि आता जाऊबाई गेल्या.

अग्नी दोघा भावांनी दिला. श्यामनं मधूचा हात आपल्या हातात धरला आणि दोघांनी मिळून दिला. ते पाहून मला आधी वाटलं की जाऊबाईंचं काम झालं. तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या दिवशी अंगणात मांडव पडला. पंगतीची व्यवस्था नानांच्या थोरल्याकडे होती. शिकलेला, तालुक्याला ऊठबस असलेला माणूस. जेवणाआधी त्यानं उभं राहून चार शब्द सांगितले. द्वारकाकाकू म्हणजे केवढी माउली, आपल्या लेकरासाठी गावाशी भांडली, तिनं गावाला माणुसकी शिकवली. लोकांनी डोळे पुसले. पत्रावळी मांडल्या गेल्या. फळी कुठं दिसेना. आणि मधू खांबाशी यायला निघाला, श्यामनं त्याला धरलं होतं, तेव्हा हाच थोरला माझ्याजवळ येऊन मऊ आवाजात म्हणाला, अगदी बापासारख्या मऊ आवाजात, "काकू, गर्दी लय हाय. मधूचं ताट आत देतो. त्याले आरामही पडीन."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला काही वावगं वाटत नव्हतं. श्याम गोंधळून उभा. मधूला ऐकू गेलं होतं. तो आपणहून घराकडे वळला.

मी आत गेले. स्वयंपाक बाहेर जमिनीत खणलेल्या चरीवर चालला होता, घरातली चूल जाऊबाई गेल्यापासून सारवून गार पडली होती. आगपेटी त्यांच्या कोनाड्यात, जागच्या जागी. मी पऱ्हाट्या घातल्या, वरून पाणी शिंपडलं आणि पेटवली. मीही भ्यालेच होते... आईच्या तेरवीला, आईच्याच घरात, थोरल्या लेकाला पंगत नाही. मग त्या घरची चूल पेटायलाच हवी होती.

धूर मांडवावर उतरला. पहिल्या पंगतीत, पहिल्या पत्रावळीवर मोठे दीर बसले होते. त्यांनी वर पाहिलं. ज्या माणसानं जन्मभर "जाऊ दे" शिवाय दुसरं काही म्हटलं नाही, तो माणूस वाढलेल्या पानावरून उठला. ते म्हणाले, "माह्या घरची चूल पेटली हाय. मी जेवत नाही. कोनीच नका जेवू."

मग धावपळ झाली. फळी गोठ्यात सापडली, कोंबड्यांनी घाण केलेली. ती धुतली, विटा लावल्या. मधू बसला, त्याच्याजवळ दीर बसले, आणि पंगत झाली. नंतर बायांनी मला ऐकवलं की तेरवीला तरी तमाशा करायला नको होता. हो, नकोच होता. पण तो मी केला की त्यांनी, याचा विचार त्यांनी घरी जाऊन करावा. शिकवलेली माणुसकी गोठ्यात ठेवायची आणि शिकवणारीच्या नावानं डोळे पुसायचे, हे मला जमणार नाही. फळी दर वेळी कुणीतरी रडून, कुणीतरी भांडून बाहेर काढायची असेल तर गाव शिकलं काय?

परवा मी पुन्हा गावी गेले होते. मधू चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसला होता, जाऊबाई भाकरी थापायच्या तेव्हा बसायचा तिथंच. श्यामची बायको, आमची सूनबाई, बाहेर पाणी भरत होती. दाराशी किसन आला. म्हातारा झालाय आता, काठी घेतो. नानांच्या थोरल्याच्या घरी लग्नाची सुपारी फुटायची आहे, म्हणाला, उद्या चूलबंद आवतन आहे. मी "बरं" म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला. तुटक, ओढून काढलेला, पण स्वच्छ.

"कोन... कोन?"

किसन दचकला. मग त्यानं माझ्या दिरांपासून नावं घ्यायला सुरुवात केली. दादा... श्यामराव... सूनबाई... लेकरं... आणि थांबला. कदाचित श्वास घ्यायला थांबला असेल, म्हातारा माणूस आहे. मधू त्याच्याकडे बघत वाट पाहत होता. मीही वाट पाहत होते. कोनाड्यातली आगपेटी मी हातात घेतली होती.